एक जुलैची पोरं

माझ्या शाळेतली निम्मी पोरं एक जुलैला जन्मलेली आहेत. हसू नका. मोर्शीजवळच्या त्या गावात मी एकोणीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. दाखल करायला आलेली आई म्हणायची, "बाई, तुरी सोंगल्या न, तवाचा हाये." तुरीच्या कापणीची तारीख रजिस्टरात लिहिता येत नाही. मग सगळे मास्तर लिहितात तेच मी लिहायची, एक जुलै, आणि वर्ष पोराच्या उंचीकडे बघून. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आता बिघडलं होतं. त्यातला एक, कुंदन, चाळीस दिवसांपासून अकोल्याच्या तुरुंगात मोठ्या माणसांच्या बराकीत होता. डिसेंबरात तिथल्या भाजीबाजारात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, पाच जणांना उचललं. शाळेच्या दाखल्यावर कुंदन अठरा वर्षं पाच महिन्यांचा. खरं वय सतरा. मला माहीत होतं, कारण ते एक वर्ष मीच त्याच्यावर चढवलं होतं. त्या साली पहिलीत दोन पोरं कमी पडत होती. पट घसरला असता तर माझी बदली थेट मेळघाटात झाली असती. कुंदनची आई जयवंता वावरात जाताना त्याला शाळेच्या ओट्यावर सोडून जायची. पाच वर्षांचं पोर मी सहाचं केलं. तिला खिचडीची सोय झाली, मला नोकरीची.

निवृत्तीनंतर मी अमरावतीत राहायला आले आणि तुरुंगात अडकलेल्या पोरांच्या कामात पडले. आमची मागणी साधी होती. अठराच्या आतलं एकही पोर मोठ्यांच्या तुरुंगात नको, पकडल्यावर आधी वय विचारा. इर्विन चौकात धरणं धरून मी माईकवर ओरडायची, "पोलीस वय विचारत नाहीत." तेव्हा लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. जयवंता कुंदनचं नाव घेऊन माझ्या दारात आली तेव्हा वाटली, आणि मग जेवण जाईना.

आमचा वकील सुगत तरुण आहे, पण गोड बोलून फसवत नाही. तो म्हणाला, "बाई, तिच्याजवळ पोराचं लसीचं कार्ड हाये, त्याच्यावर खरं साल हाये. पण कोर्ट पहिले शाळेचा दाखला पायते. दाखला खोटा हाये असं लिहिणाऱ्यानंच सांगतलं तरच कार्ड चालंन. तुमच्यावरबी गुन्हा होऊ शकते."

"होऊ दे."

"आन परवेजचं काय?"

परवेज त्याच शाळेचा, त्याच रजिस्टरातला. गेल्या वर्षी तो चोरीच्या केसमध्ये असाच अडकला होता. मी बाल न्याय मंडळापुढे शपथेवर सांगितलं की त्याची तारीख माझ्या हातची आहे, खरी आहे. तो मोठ्यांच्या तुरुंगातून सुटला. आता अमरावतीत फ्रीज दुरुस्ती शिकतो, केस अजून चालू आहे. सुगतचं म्हणणं एवढंच होतं, एकाच रजिस्टराला आज खोटं आणि काल खरं म्हणता येत नाही.

तारखेच्या दिवशी अकोल्याच्या एसटीत माझ्या शेजारी परवीन बसली होती. परवेजची आई. पोरगा सुटल्यापासून ती आमच्याबरोबर प्रत्येक तारखेला येते, दुसऱ्यांच्या आयांना धीर देते. तिला सांगायचं मी आठ दिवस टाळत होते. बडनेरा गेलं तरी तोंड उघडेना. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, परवेज रमजानातला हाये. मी हिशोब केलता. त्याले पकडलं तवा अठरा होऊन दोन महिने झालते."

परवेज लहानपणी बुटका होता. उंचीवरून मी त्याचं वय कमी धरलं होतं.

"तू बोलली का नाहीस?"

"तुमी शपथेवर बोलून राहिल्या होत्या. मी कोणत्या तोंडानं बोलू? माहं पोरगं घरी येऊन राहिलं होतं." तिनं ओढणी सारखी केली. "सांगा तुमी आज खरं. जयवंताचंबी पोरगंच हाये."

कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. कुंदन दोन शिपायांच्या मधे उभा होता. वाळला होता, आणि आईकडे बघत नव्हता. त्या चाळीस दिवसांत त्याचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सरकारी वकील शांतपणे विचारत गेले. ही तारीख तुम्ही लिहिली? हो. खोटी? हो. स्वतःची बदली टाळायला? हो. तोवर सोपं होतं.

"गेल्या वर्षी याच रजिस्टरातली दुसऱ्या एका मुलाची तारीख तुम्ही शपथेवर खरी सांगितली होती. ती खरी होती का?"

ती खरी होती म्हटलं असतं तर रजिस्टरही खरं ठरलं असतं, आणि कुंदन पोलिसांच्या गाडीतून परत तुरुंगात गेला असता. मागच्या बाकावर बसलेल्या परवीनकडे मी बघितलं नाही.

"अंदाजाची होती," मी म्हणाले. "सगळ्याच अंदाजाच्या आहेत."

दुपारी चारला हुकूम झाला. लसीचं कार्ड मान्य, कुंदनला आजच पोरांच्या निरीक्षण गृहात हलवायचं. जयवंता माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले आणि तिच्यावर खेकसले. पाया पडण्यासारखं मी काय केलं होतं? चाळीस दिवस त्याला आत बसवणारी मीच. सुगत कागद गोळा करत होता, परवेजचं नाव सरकारी वकिलांनी टिपून घेतल्याचं त्यानं मला हळूच सांगितलं.

परवीन फाटकापाशी थांबली होती. रडत नव्हती. जवळ गेले तर तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, पोलीस घरी येतात तवा सकाळी येतात का संध्याकाळी? मागच्या खेपी त्याले बजारातून नेलं होतं, म्हनून मले माहीत नाही."

असे प्रश्न विचारायचे असतात, हे वर्षभर मीच या बायकांना शिकवलं होतं.

"सकाळी," मी म्हणाले. "पाच-साडेपाचला. दार उघडायच्या आधी मला फोन कर."