एका गाठीमागे दोन जावई

मला दोन जावई आणि दोघेही फुप्फुसांचे डॉक्टर. लोक म्हणतात, बाई नशीबवान आहे. लोकांनी एकदा आमच्याकडे जेवायला यावं. टेबलाच्या या टोकाला थोरले, त्या टोकाला धाकटे आणि मधे मी. "आई, त्यांना सांगा, मीठ इकडे द्या." एकाच हॉस्पिटलात, एकाच मजल्यावर काम करतात, पण बोलणं बंद. कारण विचाराल तर हसाल. फुप्फुसातली बारीक गाठ शोधायला थोरल्यांचा कॉम्प्युटरवरचा नकाशा भारी, की धाकट्यांची नळीतून आत जाणारी सोनोग्राफीची काडी, यावरून एका लग्नात जुंपली. नवरा-नवरी राहिली बाजूला, पाहुणे यांचीच मजा बघत बसले.

आणि मग माझ्याच फुप्फुसात गाठ निघाली. हरभऱ्याएवढी, अगदी कडेला. साधी की कॅन्सरची, हे तुकडा काढल्याशिवाय कळणार नव्हतं. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तुकडा मिळाला नाही, तर छाती उघडून बघावं लागणार होतं. नुसतं बघायला छाती उघडायची, हे काही मला पटेना. डॉक्टरांनी घरच्या माणसावर हात चालवू नये म्हणतात, पण मला दुसऱ्या कुणाच्या हवाली करायला दोघांपैकी एकही तयार होईना. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

टेबलावर घेतलं, घसा बधिर केला, गुंगीचं इंजेक्शन दिलं. गुंगी आली, पण अर्धवटच; कान आणि डोळे तेवढे जागे राहिले. तोंडात नळी. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येत नव्हतं आणि नेमकं त्याच दिवशी बोलण्यासारखं खूप होतं.

"सिस्टर, त्यांना सांगा, नकाशाप्रमाणे आपण पोचलो," थोरले म्हणाले. धाकटे त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

"सर, ते म्हणतात पोचलो."

धाकट्यांनी काडी आत सरकवली. पडद्यावर नुसती भुरभुर. "त्यांना सांगा, इथे हवा आहे. गाठबीठ काही नाही."

"सर, ते म्हणतात हवा आहे."

"त्यांना सांगा, माझा नकाशा चुकत नाही."

"त्यांना सांगा, नकाशासाठी स्कॅन काढला तेव्हा आईंनी श्वास रोखून धरला होता. आता त्या श्वास घेतायत. फुप्फुस जागचं हललंय."

सिस्टरची मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरत होती.

"मग त्यांना म्हणावं, स्वतःच शोधा वाट!"

"त्यांना म्हणावं, वाट शोधणं हे काडीचं काम नाही. गाठ शेजारी आली की ती दाखवते!"

म्हणजे एकाला रस्ता ठाऊक, दुसऱ्याला घर ओळखता येतं, आणि दोघे चौकात उभे राहून भांडतायत. चौक माझ्या छातीत होता. माझा असा संताप झाला की विचारू नका. सिस्टर पुन्हा तोंड उघडणार, तोच मी हात उचलला आणि तिच्या मास्कवर घट्ट दाबून धरला.

"आई, हात खाली!" दोघे एकदम ओरडले.

मी कसला खाली घेते! सिस्टरनंही हात सोडवला नाही. मला वाटतं, तीही या टपालाला वैतागली होती.

शेवटी धाकटे भिंतीकडे बघत म्हणाले, "नळी एक फाटा मागे घ्या."

थोरल्यांनी नळी मागे ओढली. "घेतला. वरच्या बाजूला अजून एक फाटा दिसतोय नकाशात. त्यात जाऊ?"

"जा. हळू."

"हळूच जातोय."

"हवा... अजून हवाच... थांबा, साडूभाऊ, थांबा!"

पडद्यावर काळा गोल उमटला, तीच गाठ. थोरल्यांनी एक्स-रेवर जागा पाहून काडीभोवतीची पोकळ नळी तिथेच धरून ठेवली, धाकट्यांनी काडी काढून त्याच नळीतून चिमटा घातला. तुकडे निघाले. मग मी सिस्टरला सोडलं.

पुढच्या आठवड्यात दोघे एकाच गाडीतून घरी आले. मी खिडकीतून पाहिलं आणि समजले. रिपोर्ट चांगला असता तर दोन गाड्या आल्या असत्या आणि आधी कोण सांगतो याची शर्यत लागली असती.

"तुम्ही सांगा," धाकटे दारातच कुजबुजले.

"नको, तुम्हीच सांगा."

"कॅन्सर आहे ना?" मी म्हटलं.

थोरल्यांनी होकारार्थी मान हलवली. "पण अगदी बारीक आहे, आई. कुठे पसरलेला दिसत नाही. तेवढा भाग काढून टाकला की..."

"...तुम्ही बऱ्या व्हाल, अशी चांगली आशा आहे," धाकट्यांनी वाक्य पुरं केलं.

हे दोघे एकमेकांची वाक्यं पुरी करायला लागले, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"ऑपरेशन कोण करणार?"

"सर्जन. आम्ही दोघं आत उभे राहू."

"मुळीच नाही. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसायचं."

"बाहेर बसून आम्ही काय करणार, आई?"

"घाबरायचं," मी म्हटलं. "आत डॉक्टर पुष्कळ असतील. माझ्यासाठी घाबरायला बाहेर घरचं माणूस हवं."

धाकट्यांनी चष्मा काढून पुसला. "ते तर आम्ही हॉस्पिटलातून निघाल्यापासून करतोय, आई," ते म्हणाले.