शंभर मिलिलिटर जुनं ऑइल

धाकटीने जुन्या ऑइलची बाटली प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ताईने आधी पाहिलं ते बाटलीकडे नाही, तिच्या बोटात फिरणाऱ्या किल्लीकडे. गाडी घेऊन अकरा महिने झाले होते, तरी ती किल्ली दिसली की ताईच्या पोटात दुखायचं.

दुखायला कारणही होतं. लहानपणी गाड्यांचं वेड ताईला. बाबा ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. सुट्टीच्या दिवशी ते घरच्या जुन्या गाडीखाली सरपटत शिरायचे आणि पान्यांचा डबा घेऊन शेजारी आडवी व्हायची ती ताई. कोपऱ्यावर कोणती गाडी वळली ते ती नुसत्या आवाजावरून सांगायची. धाकटीला गाडीत बसलं की उलटी व्हायची. आणि आता टर्बोचं इंजिन, दोनच सीट, जमिनीला टेकल्यासारखी ती लालभडक स्पोर्ट्स कार कुणाच्या दारात? उलटीवालीच्या. ताई वंगणाच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या गाड्यांचं काळं ऑइल तपासायची आणि संध्याकाळी बसने घरी जायची.

"बाबा म्हणाले, ऑइल कोणतं ते ताईला विचार," धाकटी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली. "रविवारी स्वतः बदलून देणारेत, त्यांच्या अंगणात. इतके खूश आहेत ना!"

"असतील."

"मग सांग. दुकानात गेले तर भिंतभर डबे. एकावर चक्क ज्वाळा काढल्यात."

"ज्वाळांनी टर्बो वाचत नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि त्याला आधार कसला, तर केसाहून बारीक अशा ऑइलच्या थराचा." ताईने कागद पुढे सरकवला. "फॉर्म भर."

"सख्ख्या बहिणीलाही फॉर्म?"

"सख्ख्या बहिणीला खरं तर दोन लावायला हवेत."

धाकटी हसली आणि पेन उघडलं. 'चाललेलं अंतर' या रकान्यात तिने पंधराशे किलोमीटर लिहिलं, आणि 'वापर' या रकान्यात लिहिलं: घाट. वेग. दर रविवारी. जाता जाता तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मागे उभा कडा, पुढे लाल गाडी, वाऱ्यावर उडणारी ओढणी. "याच्या आधीच्या वळणावर एकशे चाळीसला होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पोरगी वाघ आहे!"

वाघ. ताईला ते आजवर 'हुशार' म्हणत आले होते. हुशार हा शब्द इतका फिका आहे हे तिला त्या क्षणी कळलं.

ताईने नमुना मशीनला लावला, तेव्हा खरं सांगायचं तर तिला त्यात इंजिनाच्या झिजेचं लोखंड सापडायला हवं होतं. भरपूर लोखंड, थोडं तांबं. म्हणजे वाघाने इंजिनाची वाट लावली असं शास्त्रशुद्ध भाषेत लिहिता आलं असतं. पण लोखंड जेमतेम निघालं. विचित्र होतं ते वेगळंच. ऑइल पातळ झालं होतं. शंभर अंशांना त्याची घट्टता चौदा असायला हवी, ती होती दहा. त्यात सहा टक्के पेट्रोल मिसळलेलं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळत असेल, असं तिने आधी धरलं. मग पाण्याची चाचणी केली. पाणीही होतं.

ताईने ती चाचणी पुन्हा केली. आकडे तेच.

नीट तापलेल्या इंजिनात पाणी टिकत नाही, वाफ होऊन निघून जातं. बरंचसं पेट्रोलही उडतं. या ऑइलला मात्र कधी धड ताप मिळालाच नव्हता. तिने अकरा महिन्यांतल्या कामाच्या दिवसांनी पंधराशेला भागलं. दिवसाला साडेपाच किलोमीटर. धाकटीचं ऑफिस घरापासून पावणेतीनवर होतं. जाऊन येऊन साडेपाच! रविवारच्या घाटाला त्या हिशेबात जागाच नव्हती. आणि तो कडा? तो त्या ऑफिसमागच्या बंद पडलेल्या दगडखाणीचा होता. ताईने तो स्वतः पाहिला होता. आता कुठे आठवला.

ती एकटीच हसली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.

रविवारी बाबांसमोर हे आकडे वाचून दाखवावेत, अशी तिला जबरदस्त उबळ आली. पण त्याहून चवदार एक गोष्ट तिच्या समोरच पडलेली होती. फॉर्म. फॉर्म म्हणत होता घाट आणि वेग. कंपनीच्या पुस्तिकेत तशा वापरासाठी दहा-डब्ल्यू-साठ हे जाड ऑइल चालतं असं छापलेलं होतं. रोज थंड इंजिनावर पावणेतीन किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ते घातलं, तर सकाळी सुरू केल्यावर ते टर्बोपर्यंत उशिरा पोचणार आणि तोवर दांडा जवळजवळ कोरडा फिरणार. रोज थोडा थोडा. या गाडीला हवं होतं शून्य-डब्ल्यू-चाळीस, लगेच धावणारं, आणि तेही निम्म्या मुदतीत बदललेलं.

ताईने अहवालात लिहिलं: ग्राहकाने सांगितलेल्या वापरानुसार, दहा-डब्ल्यू-साठ. खाली सही केली. अक्षर अगदी सुरेख आलं.

कुणीही तिच्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. तरी शनिवारी ती दुकानात गेली आणि शून्य-चाळीसचा डबा घेऊन आली. कशाला, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

रविवारी अंगणात गाडी जॅकवर चढलेली होती. खालून बाबांचे फक्त पाय दिसत होते, आणि पान्यांच्या डब्यापाशी उकिडवी बसली होती धाकटी.

"सतराचा दे," खालून आवाज आला.

धाकटीने एकोणीसचा दिला.

"अगं वाघिणी, हा ट्रकचा आहे का?" बाबा हसत होते. पूर्वी ताईने एकदा चुकीचा पाना दिला होता, तेव्हा ते हसले नव्हते. ती कट्ट्यावर बसून राहिली. कुणी तिला हात लाव म्हटलं नाही. जुनं ऑइल टबात पडलं, नट घट्ट झाला, बाबा कपडे झटकत बाहेर आले आणि त्यांनी अहवाल दाखवून धाकटीने आणलेल्या साठच्या डब्याचं झाकण फिरवलं.

"जरा जाड वाटतंय गं हे," ते डबा हलवत म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पण ताईने निवडलंय. म्हणजे बघायला नको."

त्यांनी नरसाळं लावलं.

"थांबा बाबा."

दोघांनी वळून पाहिलं.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "ते घालू नका. बरोबर ऑइल माझ्या पिशवीत आहे."

"तुझं चुकलं?" बाबांचा हात तसाच हवेत राहिला. "ऑइलमध्ये? तुझं?"

"हो."

"अरे वा! तारीख लिहून ठेवा कुणीतरी," धाकटी टाळी वाजवत म्हणाली. "ताई चुकली!"

ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्याकडे एवढी एकच गोष्ट होती, जी धाकटीकडे नव्हती, आणि ती तिने आत्ता स्वतःच्या हाताने अंगणात टाकून दिली होती. बाबांनी शून्य-चाळीसचा डबा घेतला, लेबल लांब धरून वाचलं आणि ओतायला लागले.

ते हात धुवायला आत गेले, तेव्हा धाकटी जवळ आली. "काय चुकलं होतं गं?"

"फॉर्म," ताई हळूच म्हणाली. "तुझं ऑइल एकदाही तापलेलं नाही. आणि ती दगडखाण मी पाहिली आहे."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने घराच्या दाराकडे पाहिलं. "बाबांना सांगितलंस?"

"सांगायचं असतं तर चुकले कशाला असते?"

धाकटी नखाने किल्लीवरची धूळ काढत राहिली. किल्लीवर धूळ नव्हती. "वेग साठच्या वर गेला की माझे हात थरथरतात," ती म्हणाली. "तू मात्र आठव्या वर्षी ट्रकचे गिअर सांगायचीस. सगळी सुट्टी तुम्ही दोघं गाडीखाली. मी आपली खिडकीत."

ताईला हे नवीन होतं. खिडकीत कुणी असायचं, हेच तिला कधी दिसलं नव्हतं.

"आठवड्यातून एकदा तरी सलग चालवायला हवी," ती म्हणाली. "नाहीतर याही ऑइलचं तेच होईल."

"मला नाही जमणार."

"मग मी चालवते." हे जरा जास्तच पटकन निघून गेलं.

"तुला तेच हवं होतं ना?"

"हो," ताई म्हणाली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

धाकटीने किल्ली तिच्या हातावर ठेवली. तेवढ्यात बाबा टॉवेलला हात पुसत आले आणि काही न विचारता डावीकडचं दार उघडून पाय दुमडत आत बसले. "चला, कोण नेतंय? एक फेरी मारून बघायलाच हवी."

सीट दोनच होत्या. ताई एक क्षण थांबली. बाबांना उतरवून धाकटीला बसवता आलं असतं. ते तिला कळत होतं. ती वळसा घालून गेली, चालकाच्या सीटवर बसली आणि तिने इंजिन सुरू केलं.

"आवाज ऐक," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"ऐकतेय."

फाटकातून बाहेर पडताना आरशात धाकटी दिसली. पान्यांच्या डब्यापाशी उभी राहून ती हात हलवत होती, आणि हसण्याच्या खाली जे होतं ते ताईने लगेच ओळखलं. अकरा महिने ते तिनेच बाळगलं होतं. तिला वाईट वाटलं. पण गाडी थांबवण्याइतकं नाही.

तिने आरशातली नजर काढून काट्यांवर आणली. ऑइल अजून पस्तीस अंशांवर होतं. नव्वदला पोचायला वीस मिनिटं तरी लागणार होती. तिने लांबचा रस्ता धरला.