हनुवटी जरा वर

आमच्या घरात फोटोंचे सतरा अल्बम आहेत आणि त्यातल्या एकातही माझा नवरा नाही. नवरा फोटोग्राफर असला की असंच होतं, दिव्याखाली अंधार. आमच्या लग्नातसुद्धा, फोटो काढायला बोलावलेल्या माणसाचा दिवा चुकीच्या बाजूला आहे म्हणून हे खुर्चीवरून उठले, ते फोटो निघाल्यावरच परत आले. अल्बममध्ये मी आहे आणि शेजारी रिकामी खुर्ची आहे.

टायमर लावला तरी तेच. हे बटण दाबून धावत येतात, वाटेत कुणाची तरी कॉलर दुमडलेली दिसते, आणि फोटोत यांचं कोपर तेवढं येतं. हात लांब करून मोबाईलवर काढलेल्या फोटोला तर हे फोटोच मानत नाहीत. "त्यात नाक पुढे येतं आणि माणूस मागे राहतो," म्हणे. स्वभावाला औषध नाही.

पण थोरली सोमवारी नोकरीसाठी परगावी निघणार होती, आणि जाताना तिने एकच गोष्ट मागितली होती. "मला चौघांचा एक फोटो हवाय. खोलीत लावायला. आणि त्यात बाबा पाहिजेत." आठवडाभर खटपट करून आमच्या नाकी नऊ आले. शनिवार उजाडला तरी फोटो नव्हता. त्या दिवशी धाकटीच्या हट्टाने आम्ही विज्ञानाच्या खेळांच्या संग्रहालयात गेलो, तेव्हा मी मनातून धुमसतच होते.

तिथे जिकडे बघावं तिकडे 'हात लावा', 'ओढा', 'उडी मारा' अशा पाट्या होत्या. धाकटी नऊ वर्षांची. तिला पाट्यांची गरज नव्हती. वाऱ्याच्या काचनळीत तिने थोरलीचा रुमाल सोडला. नळीने तो छतापर्यंत नेला आणि नेमका यांच्या टकलावर आणून टाकला. थोरली पोट धरून हसली. ते हसणं ऐकून मला भरून आलं, कारण सोमवारनंतर ते घरात ऐकू येणार नव्हतं.

सगळ्यात शेवटी सावल्यांची खोली होती. अंधारी, आणि समोर हिरवट चमकणारी भिंत. दारावर लिहिलं होतं: भिंतीजवळ उभे राहा. तीनदा घंटा वाजेल, मग लख्ख उजेड पडेल. नंतर बाजूला व्हा. तुमची सावली मिनिटभर भिंतीवरच राहील.

"बाबा, इथे कॅमेरा लागतच नाही!" थोरली म्हणाली. "नुसतं उभं राहायचं."

हे राहिले की उभे. एक घंटा झाली, दुसरी झाली. "मी जरा दिव्याकडून बघून येतो," म्हणाले आणि निघाले. तिसऱ्या घंटेला हे बरोबर दिव्यासमोर. उजेड पडला, आणि भिंतीवर एकच राक्षसाएवढी सावली! आम्ही तिघी तिच्या पोटात गडप.

"बाबा आले एकदाचे," धाकटी म्हणाली, "पण आपणच गेलो."

दुसऱ्या वेळी मी यांची बाही घट्ट धरून ठेवली. ऐन वेळी यांना धाकटीच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली आणि हे बाही सोडवून खाली वाकले. भिंतीवर तीन सावल्या आणि यांचा एक बूट.

थोरलीचा उतरलेला चेहरा बघून माझं डोकंच फिरलं, आणि फिरलं ते बरंच झालं. मी तिच्या कानात सांगितलं, "कडेला तोंड करून उभी राहा आणि मान पाड. चांगली पाड." मग यांना म्हटलं, "तुम्ही आपले दिव्यापाशीच थांबा. तुम्हाला नाही जमायचं."

हे खुशीत जाऊन थांबले. पहिली घंटा वाजली. थोरलीने हनुवटी छातीला टेकवली.

"हनुवटी जरा वर!" हे म्हणाले.

दुसरी घंटा. थोरलीने मान आणखी पाडली.

"अगं वर! वर!" यांना राहवेना. हे धावत आले आणि दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली. तिसरी घंटा झाली आणि लख्ख उजेड पडला.

आम्ही बाजूला झालो. भिंतीवर चौघं होतो. धाकटी, मी, थोरली, आणि तिच्या हनुवटीखाली हात धरून वाकलेले हे.

यांनी मान तिरकी करून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "खांदा पडलाय माझा."

"पडू दे!" मी म्हटलं.

थोरलीने घाईघाईने मोबाईल काढला. "थांब," हे म्हणाले, "एवढ्या अंधारात ते मोबाईलचं काम नाही." यांनी गळ्यातला कॅमेरा उघडला, एक चकती फिरवली, मग दुसरी. तिकडे सावल्या फिकट व्हायला लागल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, काढा!"

"हात हलेल. टेकवायला काहीतरी हवं," असं म्हणून यांनी कॅमेरा सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. "श्वास घेऊ नकोस."

तेवीस वर्षांच्या संसारात सगळं केलं होतं, स्टँड व्हायचं तेवढं राहिलं होतं. मी श्वास रोखून धरला. डोक्यावर खट् झालं, आणि थोड्याच वेळात भिंत पुन्हा कोरी झाली.

"आले बाबा?" थोरलीने विचारलं.

यांनी कॅमेऱ्यात बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "आलोय," म्हणाले.

सोमवारी सकाळी तो फोटो चौकटीत बसून थोरलीच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत गेला. बस आली तेव्हा हे दोन्ही हातांत बॅगा धरून उभे होते. कॅमेरा यांनी फोटोच्या दुकानातच ठेवला होता. थोरलीने मान खाली घातली, आणि या वेळी ती कुणी सांगितलं म्हणून घातली नव्हती.

यांनी बॅगा खाली ठेवल्या आणि दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली.

"अशी ठेव," म्हणाले. ती तशीच बसमध्ये चढली.