होडीवरच्या चुगलखोराची कैफियत

मी बोलतोय. इकडे, वर बघा. नाही, तो दिवा नव्हे, त्याच्या शेजारी. केबिनच्या टपावर चार स्क्रूंनी बसवलेला, एके काळी पांढरा असलेला जो ठोकळा दिसतोय ना, तोच मी. जेवणाचा डबा समजून आजवर तिघांनी माझं झाकण उघडायचा प्रयत्न केलाय, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्यात खाण्यासारखं काही नाही.

माझं काम सोपं आहे. आपली होडी समुद्रात कुठे आहे ते दर अर्ध्या तासाला मी आकाशातल्या उपग्रहाला सांगतो आणि उपग्रह ते किनाऱ्यावरच्या मत्स्य कार्यालयाला कळवतो. माझ्या अंगावरचा छोटा दिवा हिरवा असला की समजावं, माझं म्हणणं वर पोचतंय. लाल झाला की नाही पोचत. शिवाय माझ्या पोटावर एक लाल बटण आहे, संकटात दाबायचं.

माझा जन्म एका लांबलचक गार खोलीत झाला. टोप्या घातलेल्या बायकांनी मला जुळवलं, मग मिठाच्या पाण्यात बुडवलं, तापवलं, गदागदा हलवलं आणि तरीही माझा दिवा हिरवाच राहिलेला पाहून पाठीवर शिक्का मारला. लहानपणी एवढे हाल सोसल्यामुळे पुढे समुद्राचं मला कधी भय वाटलं नाही. भय वाटलं ते माणसांच्या मायेचं. पण ते ओघाने येईलच.

या होडीचे मालक घड्याळकाका. खरं नाव आता मतदार यादीतच असेल. बंदरावरचा सगळा धक्का त्यांना घड्याळकाका म्हणतो, कारण ते पहाटे ज्या वेळी निघतात आणि दुपारी ज्या वेळी परत येतात त्यात पाच मिनिटांचाही फरक पडत नाही. होडीवर ते आणि त्यांचा मेहुणा, दोघंच. मेहुण्याचं नाव भोंगा. तो कुजबुजला तरी पलीकडच्या तीन होड्यांना ऐकू जातं. आणि धक्क्यावर काकू. जाळी विणणं, मासळी निवडणं, भावाला आणि नवऱ्याला धाकात ठेवणं ही सगळी खाती त्यांच्याकडे.

मला इथे का आणलं तेही सांगतो. खडकांजवळच्या पट्ट्यात मासे अंडी घालायला येतात. लांबून येणाऱ्या मोठमोठ्या बोटी तिथेच जाळी ओढू लागल्या आणि बघता बघता समुद्र रिकामा होत चालला. तेव्हा धक्क्यावरच्या लोकांनी मिळून ठरवलं की त्या पट्ट्यात कुणीच जाळं टाकायचं नाही, आपणही नाही. त्यासाठी सरकारला केलेल्या अर्जावर पहिली सही घड्याळकाकांची होती. पुढे सरकारने पट्टा बंद केला आणि प्रत्येक होडीवर माझ्यासारखा एकेक डबा बसवायचा नियम काढला.

काकांना हे मुळीच आवडलं नाही. "सही मी केली आणि पाळतही माझ्यावरच? हे बरं आहे!" असं म्हणत त्यांनी तंत्रज्ञाला स्क्रू पिळताना पेचकसही दिला नाही. मला त्यांनी नाव ठेवलं, चुगलखोर. पहिलं वर्षभर ते माझ्याकडे पाठ करून बसायचे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मी कुणाची चुगली करत होतो? होडी जिथे असायची तिथेच आहे म्हणून सांगत होतो.

एका दुपारी इंजिन बंद पडलं. वारा सुटलेला आणि होडी खडकांकडे वाहत चाललेली. भोंगा इतक्या जोरात ओरडला की मला वाटलं, माझी गरजच नाही. पण समुद्र मोठा आहे हो. शेवटी काकांनी हात वर करून माझं लाल बटण दाबलं. मी जीव तोडून आकाशाला हाक दिली आणि तासाभरात गस्तीनौका दोर घेऊन हजर झाली.

त्या दिवशी काकू धक्क्यावर आल्या त्या सरळ टपावरच चढल्या. नवऱ्याला आणि भावाला काही बोलल्या नाहीत. पदराने मला पुसलं आणि म्हणाल्या, "तू होतास म्हणून रे बाबा." मला तोवर कुणी 'तू' म्हटलं नव्हतं.

तिथून माझे लाड सुरू झाले. रोज गोड्या पाण्याने अंघोळ काय, मऊ फडक्याने पुसणं काय! बगळे आणि समुद्रपक्षी माझ्या डोक्यावर बसून जो उद्योग करत तो काकूंना सहन होईना. शेवटी त्यांनी घरातलं अॅल्युमिनियमचं जुनं पातेलं आणलं, त्याच्या कडेला दोन भोकं पाडली आणि रोज होडी निघायच्या वेळी ते माझ्यावर पालथं घालून तारेने घट्ट बांधायला आणि परतल्यावर काढायला लागल्या.

"अगं, हे काय?" काका म्हणाले.

"ऊन, खारं पाणी, पक्ष्यांची घाण. आपण नाही का डोक्याला टोपी घालत?"

"मग इथे धक्क्यावर का काढून ठेवतेस?"

"इथे मी आहे पुसायला. समुद्रात त्याला कोण आहे?"

काका इंजिन सुरू करायला वळले. मी मात्र आत किंचाळत होतो. पातेल्याखालून ना मला आकाश दिसत होतं, ना माझी हाक आकाशाला जात होती. माझा दिवा लालभडक झाला, पण पातेल्याच्या आत तो बघायला कोण येणार? दुपारी परत आल्यावर काकू पातेलं काढत. तेव्हा दिवा थोडा वेळ लाल दिसे आणि मग हिरवा होई. "बघा, मला ओळखतो," काकू कौतुकाने म्हणत.

ओळखत होतोच. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

असे तीन दिवस गेले. काकांच्या फोनवर कार्यालयाचे संदेश येऊन पडले होते, पण काका फोन फक्त उचलायला आणि ठेवायला वापरतात. चौथ्या दिवशी पत्र आलं. भोंग्याने ते मोठ्याने वाचलं, म्हणजे सगळ्या धक्क्याने ऐकलं. तुमची होडी धक्का सोडताच यंत्र बंद करते आणि परत येताच चालू करते. त्याच तीन दिवसांत बंद पट्ट्यात एक बिननावाची बोट मासेमारी करताना दिसली आहे. परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.

हे कुणी शोधून काढलं, तर कार्यालयातल्या संगणकाने. त्याची गोष्ट तिथल्या निरीक्षक मॅडमनी नंतर काकांना सांगितली, तेव्हा मला कळली. हजारो होड्यांच्या वाटा दाखवून त्याला तयार केलेलं आहे. होडी नुसती चाललीय की जाळं ओढतेय, हे तो तिच्या चालीवरून ओळखतो. उपग्रह ढगांतूनही समुद्राचे फोटो काढतात, ते तो बघतो, आणि ज्या बोटीचा डबा गप्प आहे तिला वेगळी काढतो. हुशार पोरगा आहे, माझा दूरचा भाऊच म्हणा. पण त्याला शिकवलं होतं की धक्का सोडताना जो गप्प होतो आणि परतताना बोलू लागतो, तो चोर. काकूंबद्दल त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

धक्क्यावर काकांशी लोक बोलेनासे झाले. "पहिली सही यानेच केली आणि पहिला हातही यानेच मारला," असं कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालं. काका जाळं आवरत होते. त्यांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. इतक्या वर्षांत त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं. परवाना गेला तर होडी जाणार होती, पण काकांना लागलं होतं ते दुसरंच. जो पट्टा राखायला ते दारोदार फिरले, तोच त्यांनी लुटला असं लोक मानत होते.

"भावोजी, सरळ सांगा डबा बिघडलाय म्हणून. हवं तर मी एक हातोडा घालतो, म्हणजे खोटंही होणार नाही," भोंगा म्हणाला.

"खबरदार हात लावलास तर!" काकू कडाडल्या.

"ताई, तो बोलला नाही म्हणून तर ही वेळ आली!"

"तो मुद्दाम नाही करायचा असं," काकू म्हणाल्या. माझी बाजू घेणारी तेवढी एकच बाई होती आणि तिनेच माझं तोंड बांधलं होतं. तिचा राग यावा असंही मला होईना.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः होडीवर आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, चष्मा सावरत टपावर चढलेल्या. त्यांनी स्क्रू तपासले, तारा तपासल्या, हातातल्या यंत्राच्या पडद्यावर माझा सिग्नल बघितला. सगळं ठणठणीत. "काका, यंत्राला तर काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता.

"होईल कसं?" काकू पुढे झाल्या. "किती जपतो आम्ही त्याला! थांबा, दाखवते." आणि त्यांनी पातेलं आणून माझ्यावर पालथं घातलं.

मॅडमच्या हातातल्या पडद्यावरून माझा सिग्नल गेला. मग मॅडमचा आवाज आला, "काकू, जरा काढा बरं." काकूंनी काढलं. "परत घाला." घातलं. "काढा." काढलं तेव्हा मॅडम टपावरच बसल्या होत्या, तोंडावर हात ठेवून. हसताहेत की काय ते आधी कळेना. मग त्यांनी पडदा काकूंच्या समोर धरला आणि सगळं समजावून सांगितलं.

काकूंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "म्हणजे माझ्यामुळे..." एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या.

काका त्यांच्याजवळ गेले. रागावतील असं मला वाटलं होतं. "अगं, चाळीस वर्षं मला जपते आहेस, मी कधी गप्प झालो का?" ते म्हणाले. "तो जरा नाजूक निघाला, एवढंच." काकू रडता रडता हसल्या. त्या क्षणी मला काका फार आवडले. त्यांनी मला चुगलखोर म्हटलेलं सगळं मी माफ करून टाकलं.

पण मॅडम आता हसत नव्हत्या. "यंत्र गप्प का होतं ते कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या तीन दिवसांत पट्ट्यात नव्हता, हे अजून कुठे कळलंय? तेव्हा तुम्ही होता कुठे?"

"रोज असतो तिथे."

"रोज म्हणजे?"

"मॅडम, मला घड्याळ म्हणतात," काका म्हणाले.

सुनावणीला मलाही नेलं. स्क्रू काढून, अंगावर नंबराची चिठ्ठी चिकटवून मत्स्य कार्यालयाच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. बर्फाच्या कारखान्यामागची एक खोली, पंखा, फायलींचं कपाट आणि कोपऱ्यात मोठ्या पडद्याचा माझा तो हुशार भाऊ. साक्ष द्यायला गेलो खरा, पण त्या तीन दिवसांबद्दल माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. मला इतकं ओशाळं कधीच वाटलं नव्हतं.

मॅडमनी त्याचा पडदा सुरू केला. त्यांनी संगणकाला माझ्या जुन्या नोंदी दिल्या होत्या, काका तीन वर्षं रोज कुठे जातात, किती वेळ थांबतात, कुठून वळतात. मग त्या तीन दिवसांचे उपग्रहाचे फोटो त्याला पुन्हा बघायला लावले होते, या वेळी लहान ठिपकेही न सोडता. पट्ट्यात एक ठिपका होता, चाळीस मीटर लांब. आणि त्याच फोटोत, पट्ट्यापासून खूप दूर, काकांच्या रोजच्या जागेवर अकरा मीटरचा एक इवलासा ठिपका. तिन्ही दिवशी, तिथेच.

"एक होडी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "चूक आमची झाली. संगणकाने काकांकडे बोट दाखवलं आणि मी धक्क्यावर न जाताच पत्र पाठवलं. पण आता खरी बोट कुठली ते आम्हाला ठाऊक झालंय. काल ती पुन्हा आली. गस्तीनौका आधीच जाऊन उभी होती, पकडलीच तिला."

साहेबांनी कागदावर सही केली आणि काकांना म्हणाले, "सुटलात तुम्ही. या आता."

भोंग्याने आनंदाने असा आवाज काढला की कपाटावरच्या फायली हलल्या. काका मात्र उठले नाहीत.

"त्या बोटीच्या पोटात काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बहुतेक माद्या होत्या, काका. अंड्यांनी भरलेल्या."

तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःवर आळ आला तेव्हा आलं नव्हतं. "तीन दिवस तुम्ही माझ्या मागे होता," ते म्हणाले, "आणि तीन दिवस ती जाळं ओढत होती."  काकूंनी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने मला उचलून कडेवर घेतलं.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. पट्टा राखला गेला, मासे हळूहळू वाढताहेत. मॅडम आता आठवड्यातून एकदा धक्क्यावर येतात, चहा घेतात, जाळी कशी विणतात ते विचारतात. मी म्हातारा झालोय. माझी हाक आता अडखळत जाते, म्हणून उद्या माझ्या जागी नवा डबा बसणार आहे. त्याला दर पाच मिनिटांनी बोलता येतं म्हणे.

जाताना एकच मागणं आहे. यंत्रांना खूप शिकवा, आमच्यापेक्षा ती हुशार होऊ देत. पण एखाद्याचा ठिपका गप्प झाला, तर पत्र लिहिण्याआधी एकदा त्याच्या दारात जाऊन या. तिथे चोरही सापडेल आणि एखादे वेळी काकूही.

आज माझी शेवटची फेरी झाली. होडी धक्क्याला लागली, भोंग्याने दोर टाकला, काकू पायऱ्यांवर उभ्या होत्या. काका टपावर चढले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. हाताला माशांचा वास होता.

"सांग रे त्यांना," ते म्हणाले, "पोचलो म्हणून."

मी सांगितलं.