माझी थरथर, पेंटरचा हात

बालमित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे आणि सध्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडखाली, माझ्यासारख्याच बावीस जणींच्या रांगेत उभी आहे. माझ्या हँडलला ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा बांधला आहे. तो छापील आहे. मला वाचता येत नाही असे शेडच्या मालकाला वाटत असेल, पण माझे सगळे आयुष्य अक्षरांच्या संगतीत गेले.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. तापवले, ठोकले, रंगवले, बाहेर काढले. इंजिन मोठे, अंग जड आणि आवाज असा, की मी गल्लीच्या तोंडाशी आले की घरात चहाचे आधण चढायचे. त्या काळातल्या आम्ही सगळ्याच गाड्या थरथरायचो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. गाडी थरथरली म्हणजे गाडीत जीव आहे, असे लोक म्हणत आणि मीही तेच खरे मानून चालले.

माझा मालक पेंटर होता. चित्रे काढणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला सगळे जण, अगदी त्याची सख्खी बहीणसुद्धा, ‘पेंटर’च म्हणत. त्याची बायको तेवढी ‘अहो’ म्हणे. माझ्या उजव्या बाजूला शिडी बांधलेली, डाव्या बाजूला रंगाच्या डब्यांची पिशवी, आणि पेंटर मधे ताठ बसलेला. शिडीसकट वळताना आम्ही रस्त्यावरच्या चार माणसांना वाकायला लावत असू. कोणी शिव्या घातल्या, तर पेंटर म्हणे, “तुमच्या दुकानाची पाटी फुकट करून देतो, पण आत्ता वाका.”

त्याची कामाची एक पद्धत होती. तो आधी सगळी अक्षरे उघडीबोडकी लिहायचा. शिरोरेघ सर्वांत शेवटी. तिला तो ‘टोपी घालणे’ म्हणे. इतर पेंटर दोरी धरून खूण करतात, हा करत नसे. तो श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढायचा. पाटी लांब असली तर शिडीवरून हात पोचेल तेवढी एक रेघ, मग खाली उतरून शिडी सरकवायची आणि नेमके तिथूनच पुढे. जोड कुठे आहे, ते कोणाला सापडत नसे. मी खाली उभी राहून बघायचे. दुकानदार मान वर करून म्हणायचे, “पेंटर, हात आहे का काय आहे?” तेव्हा मला वाटे, या हाताला इथवर मीच आणले आहे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

पुढे केव्हातरी तो माझ्यावरून उतरला की उजवा हात झटकू लागला. आधी दोनदा झटकायचा, मग दहादा. बायकोने विचारले, तर म्हणाला, “काही नाही. मुंग्या येतात. हात झोपलाय, उठेल.”

“रोज झोपतो? त्याला काय रात्रपाळी असते का?” ती म्हणाली. दोघे हसले.

गॅरेजवाल्याने एकदा माझे हँडल धरून पाहिले आणि स्वच्छ सांगितले, “पेंटर, हिच्या हँडलच्या बुडाशी जी रबरे असतात ना, ती पार गेलीत. सगळा हादरा तुमच्या हातात येतो. बदलून टाकू?”

“चालते ना? मग असू दे,” पेंटर म्हणाला. ब्रशच्या बाबतीत तो कधी हात आखडता घेत नसे. माझ्या रबरांचे काम मात्र दर वेळी पुढच्या खेपेवर गेले. मीही काही बोलले नाही. मोटरसायकल बोलत नाही हे खरे, पण बोलता आले असते तरी मी बोलले असते का, कोण जाणे. माझी थरथर मला लाडकी होती.

मग ती पाटी आली. बी-बियाण्यांचे नवे दुकान होते. पाटी लिहायची होती, ‘येथे उत्तम खत मिळेल’. पेंटरने अक्षरे लिहिली, टोपी घातली, शिडीवरून उतरला आणि ब्रश धुऊ लागला. समोरच्या सलूनमधला न्हावी हातातली कात्री घेऊनच बाहेर आला आणि हसत सुटला. ‘ख’च्या डोक्यावर एक गोल, ठसठशीत टिंब बसले होते. येथे उत्तम खंत मिळेल.

“काय हो, गोणीने देता की सुटी?” न्हाव्याने दुकानदाराला विचारले.

दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, “पेंटर, खत विकतो हो मी! खंत कोण विकत घेईल? ती ज्याच्या त्याच्या घरची असते.”

पेंटरही हसला. पुन्हा वर चढला, टर्पेंटाइनच्या चिंधीने टिंब पुसले. पण खाली आल्यावर तो बराच वेळ माझ्या सीटला टेकून उभा राहिला. संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगणातच बायकोला म्हणाला, “ब्रश टेकला, ते मला कळलंच नाही गं. फळीला लागला की हवेत होता, काही कळलं नाही.” या वेळी कोणी हसले नाही. तेव्हाच तिने पाहिले, त्याच्या शर्टाचे वरचे बटण उघडे होते. गेले कित्येक दिवस ते लागतच नव्हते, आणि त्याने उकाड्याचे निमित्त पुढे केले होते.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी मी उभी होते. दोघे बाहेर आले ते बोलतच.

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? इतक्या वर्षांचा हादरा आहे हा. एक तर ही गाडी राहील, नाहीतर हात.”

“लहान गाडी घेतली तर शिडी कुठे बांधू?”

“शिडीवर चढून करणार काय? ब्रश हातात राहत नाही तुमच्या!”

मित्रांनो, मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. नाही वाटले. मला काहीच वाटले नाही. ज्याला मी माझा जीव समजत होते, तेच त्याच्या हातातला जीव काढून घेत होते, हे कळल्यावर खूप काही वाटायला हवे होते. पण आत सगळे बधिर होऊन बसले. आजही तसेच आहे.

चार दिवसांनी आम्ही तिघे या शेडमध्ये आलो. माझ्या बदल्यात त्याला जी मिळणार होती, ती पोपटी रंगाची, माझ्या निम्म्या वजनाची. तीही वापरलेलीच, पण दोन वर्षांची. मला तिचा राग आला नाही. शेडच्या मालकाने पेंटरला तिच्यावर बसवले आणि बटण दाबले.

“चालू झाली का?” पेंटरने विचारले.

“कधीच! बघा, आहे का काही त्रास? कळतसुद्धा नाही,” मालक खूष होऊन म्हणाला. पेंटरची बायको हँडलवरच्या त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

कागद झाले, किल्ल्या बदलल्या. जाता जाता पेंटर माझ्यापाशी आला. जुन्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद केला नाही तर पेट्रोल झिरपत राहते. कॉक टाकीच्या खाली, इंजिनाच्या अगदी जवळ असतो. तो वाकला आणि बोटांनी चाचपडू लागला. पूर्वी त्याला तो न बघता सापडायचा. आता सापडेना. येताना आम्ही अर्धा तास रस्त्यावर होतो, माझे इंजिन अजून चांगलेच तापलेले होते, आणि त्याची तीन बोटे त्यावर टेकली होती. टेकली ती तशीच राहिली. तो शांतपणे कॉक शोधत होता.

“अहो, हात! हात भाजतोय तुमचा!” बायको किंचाळली आणि तिने त्याचे मनगट धरून ओढले.

पेंटरने बोटांकडे पाहिले. ती लालबुंद झाली होती.

“हो का?” तो म्हणाला.

मग त्याने डाव्या हाताने कॉक बंद केला आणि ते दोघे पोपटी गाडीवरून निघून गेले. गाडी ती चालवत होती, तो मागे बसला होता. त्याचा हात बरा झाला की नाही, ते मला सांगायला इथे कोणी येणार नाही.

मित्रांनो, गिऱ्हाईक आले की शेडचा मालक मला फडक्याने चमकवतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मी आले, तर मला चमकवू नका. आधी माझी रबरे बदला. आणि तुमच्या घरात दिवसभर राबून आलेले कोणी हात झटकत असेल, तर लांबून विचारू नका. ते “काही नाही” म्हणेल आणि तुम्ही खेळायला जाल. त्याच्याजवळ बसा, त्याचा हात आपल्या हातात घ्या, आणि तुम्ही तो धरला आहे हे त्याला कळते का, ते बघा.