चिन्मयीची नडगी

रांझीच्या वस्तीत कुणाचा पाय मुरगळला की डॉक्टरच्या आधी बापूसाहेबांचं दार वाजायचं. फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी रविवारी सकाळी व्हरांड्यात दोन-तीन जण पाय पसरून बसलेले असायचेच. ओवा घालून कोमट केलेलं मोहरीचं तेल आणि बापूसाहेबांचा अंगठा, एवढाच सगळा इलाज. "बसली नस जागेवर. चलो, उठा," असं ते म्हणाले की माणूस उठून चालू लागे.

म्हणून नातीचा पाय दुखू लागला तेव्हा घरात दुसरा विचारच कुणी केला नाही. नऊ वर्षांची चिन्मयी शाळेत खो-खो खेळताना पडली होती. गुडघ्याखाली नडगीवर ती बोट ठेवू देईना.

"आजोबा, मत दबाओ ना. आतून दुखून राहिलं."

"नस आतच असते बेटा. काहून एवढी रडून राहिली? तुझ्याहून तो पाय चोळून घ्यायला येणारा रेल्वेतला श्रीकांत बरा, निदान मिशीआड रडतो."

पहिल्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशी हसली नाही. अंगात ताप होता. तिची आई अवंती दारातूनच म्हणाली, "बाबा, डॉक्टरला दाखवायचं का?"

"मुरगळीचा ताप आहे. उतरेल."

हाडांचं काही असलं की बापूसाहेबांचाच शब्द, ही या घरची रीत. अवंतीनं तापाची गोळी दिली. गोळीनं ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. बापूसाहेब सकाळ-संध्याकाळ तेल लावत राहिले. सहाव्या दिवशी चिन्मयीला पाऊल टेकवता येईना, तेव्हा कुठे तिला इस्पितळात नेलं.

डॉक्टर विनीता यांनी आधी पाय पाहिला, मग विचारलं, "इतक्यात हिला कुठे फोड, जखम झाली होती?"

अवंतीला आठवायला वेळ लागला. मानेवर केसतूड झालं होतं. पिकलं, फुटलं, सुकलं. सगळे विसरूनही गेले होते.

संध्याकाळी तपासण्यांचे रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरांनी कागदावर हाडाचं चित्र काढून दाखवलं. "त्या फोडातले जंतू रक्तातून इथवर आले. लहान मुलांचं हाड टोकाशी वाढत असतं. तिथे रक्त संथ वाहतं, म्हणून जंतूंना थारा मिळतो. मांसात पू झाला तर मांस सुजतं, जागा करून देतं. हाड कडक, ते फुगत नाही. पू आतच दाटतो, रक्ताच्या वाटा बंद होतात आणि तेवढं हाड मरायला लागतं."

"मी मालिश करत होतो," बापूसाहेब म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मालिशनं हे झालं नाही, काका. पण पाच दिवस गेले."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बापूसाहेबांना वाटलं.

लगेच ऑपरेशन झालं. हाडाला भोक पाडून पू काढला. औषध कित्येक आठवडे चालणार होतं.

"हा पाय दुसऱ्याइतका वाढेल ना?" अवंतीनं विचारलं.

"वाढीची जागा पू झालेल्या भागाला अगदी लागून आहे. दोन्ही पाय वर्षानुवर्षं मोजत राहावे लागतील. आज मला सांगता येणार नाही."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नर्स पट्टी बदलायला आली. ट्रे दिसताच चिन्मयीनं चादर मुठीत धरली. बापूसाहेब खाटेपाशी सरकले.

"आजोबा, ती नस नव्हती?"

"नव्हती बेटा."

"मग तुम्ही काहून म्हणाले?"

आजवर शेकडो पाय त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यातला एकही त्यांच्या मदतीला आला नाही. "मला तसं वाटलं," ते म्हणाले.

नर्सनं पट्टीचं टोक सोडवलं. त्यांनी गुडघा धरायला हात पुढे केला.

"तुम्ही नका. मम्मी धरेल."

अवंतीनं गुडघा धरला. कापूस जखमेला चिकटला होता. तो सुटू लागला तशी चिन्मयी ओरडली, आणि बापूसाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधून तिथेच उभे राहिले.