मुंगी नव्हती ती

सकाळचे साडेदहा. मुलांचा कॅन्सर वॉर्ड. एका मुलाचं लाल औषध शिरेबाहेर गेलं ते इथे, भर उजेडात, आसपास माणसं असताना.

मी सलाईनचा स्टँड बोलतोय. औषधाची बाटली माझ्याच हुकाला टांगलेली होती. मला हात असते तर नळी मीच बंद केली असती.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी चाकं आवाज न करता फिरायची. मग मुलं माझ्या पायावर उभी राहून वॉर्डभर सफर करू लागली आणि चाकं कुरकुरू लागली. ‘लंबू’ हे नाव त्यांनीच ठेवलं. तो मुलगा त्यांचा म्होरक्या. आई-बाबा कामावर, म्हणून दिवसा कॉलेज बुडवून ताई त्याच्याजवळ बसायची.

“ताई, लंबूलाही केस नाहीत बघ.”

“म्हणून त्याच्या डोक्यात उवा नाहीत. तुझ्या होत्या.”

“तूच दिल्या होत्यास!”

सुई टोचताना मोठी माणसं मुलांना एकच सांगतात, मुंगी चावेल. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तसं कधी म्हणत नसत. “दुखेल रे बाळा. पण नंतर जळजळलं तर लगेच मला हाक मार.” लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. ते संपेपर्यंत त्या पलंगाजवळून हलत नसत.

त्या दिवशी त्यांना हलवलं. नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांच्या स्वागताला गणवेशातल्या नर्स हव्या होत्या. त्यांच्या जागी दुसऱ्या वॉर्डातली नर्स आली. तिने लाल औषध कधी दिलं नव्हतं. तिला तसं कुणी विचारलंही नाही.

“सिस्टर, जळतंय.”

“मुंगी चावली रे. एवढा मोठा झालास आणि रडतोस?”

“मुंगी कसली, सिस्टर? हात बघा त्याचा, सुजलाय!” ताई ओरडली.

“नातेवाइकांनी जरा बाहेर थांबा बघू.”

ताई थांबली नाही, थेट सभागृहाकडे धावली. मोठ्या सिस्टर हातातला गुच्छ टाकून आल्या, नळी बंद केली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

जखम चिघळली. ती भरेपर्यंत औषध थांबवावं लागलं. आजार थांबला नाही. शेवटी शेवटी, पट्टीतला हात माझ्या दांड्याला टेकवून तो म्हणाला, “ताई, तू सिस्टर हो. तुला मुंगी ओळखता येते.”

ती हसली. मग माझ्याकडे तोंड फिरवून रडली.

ती नर्स झाली आणि हट्टाने याच वॉर्डात आली. लाल औषध चालू असलं की स्टूल ओढून बसते, मुलाचा हात स्वतःच्या मांडीवर घेते.

काल वरून निरोप आला, पाहुणे येताहेत, नर्स पाठवा.

“बाटली संपल्यावर येते.”

“अहो बाई, फोटोपुरतं तर उभं राहायचंय!”

“मग फोटोवाल्याला इकडे पाठवा. मी हलणार नाही.”

आज तिच्या हातात बदलीचा हुकूम पडला. उद्यापासून दुसरा विभाग.

मी गंजलोय, मला खुशाल भंगारात काढा. तिला इथून काढू नका. वॉर्डात कालच एक चिमुरडी दाखल झाली आहे. उद्या तिचं लाल औषध सुरू होणार. तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार, असं वॉर्डाने वर विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.